झाळकाकूंचा उजवा पाय

“लोखंड वितळण्याआधी लाल होऊन सांगतं तरी, ॲल्युमिनियम शेवटपर्यंत चेहरा बदलत नाही आणि मग एकदम खाली बसतं.”

झाळकाकू हे एकदा दुपारी बोलल्या, हातांतले चामडी मोजे काढता काढता. समोर काका, म्हणजे त्यांचे यजमान, वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांना वाटलं, बोट आपल्याकडे आहे. त्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. काकूंच्या मनात तसलं काही नव्हतं. त्या धातूबद्दलच बोलत होत्या. माणसांबद्दल त्या फारसं बोलत नसत.

झाळणं म्हणजे आच देऊन धातूला धातू जोडणं. गल्लीत हे काम करणाऱ्या त्या एकट्याच, आणि तेही घरी, मागच्या खोलीत. म्हणून झाळकाकू. वय छप्पन्न. बांधा ठेंगणा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, उजव्या मनगटावर भाजल्याचे तीन पांढरे डाग. त्यांच्याकडे येणारं कामही जरा तऱ्हेवाईक होतं. आपल्या जुन्या गाडीत भलतंच इंजिन बसवायची हौस असलेली माणसं असतात. भलतं इंजिन बसलं की गाडीचे जुने भाग त्याला लागू पडत नाहीत. हवा आत नेणाऱ्या नळ्या, तेलाचं टाकं, पाण्याचा डबा, सगळं नव्याने बेतावं लागतं, एखाद्याच्या अंगाचं माप घेऊन कपडा बेतावा तसं. आणि ते ॲल्युमिनियमचं हवं असतं, कारण ते हलकं.

ॲल्युमिनियमच्या अंगावर एक कातडी असते. हवेनेच धरलेली, डोळ्यांना न दिसणारी. आतला धातू ज्या आचेला वितळतो, त्याच्या तिप्पट आच त्या कातडीला लागते. नवशिक्याच्या हाताखाली मग असं होतं, की वरून सगळं शांत दिसतं आणि आत पाणी झालेलं असतं. तो आणखी आच देतो. तुकडा गळून खाली पडतो आणि समोर उरतं एक भोक, ज्यातून आपलीच चप्पल दिसते. ते भोक पाहून काही जण मशीनला शिव्या देतात, काही जण मुकाट्याने घरी जातात. काकूंनी आपलं पहिलं भोक पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “चांगलं गोल पडलं की.”

ती गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. तेव्हा काकू गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या. रेक्झिनचे ताव, मेणकट दोरा, मोटारीवर चालणारं जाड शिवणयंत्र आणि त्याचं पायाखालचं पेडल. दुकानाला लागून इंजिनवाल्या मिस्त्रीचं गॅरेज होतं, मधे नुसती पत्र्याची भिंत. मिस्त्री तेव्हा पंचविशीचा. त्याने ॲल्युमिनियम जोडायचं मशीन हौसेने आणलं होतं आणि आठवडाभर तो फक्त भोकं पाडत होता. भिंतीपलीकडून आधी मशीनची गुणगुण यायची, मग टप्प असा आवाज, मग मिस्त्रीचा एक ठरावीक शब्द. आठव्या दिवशी काकू दातांत दोरा धरूनच तिकडे गेल्या.

“मिस्त्री, पाय कुठंय तुमचा?”

“पेडलवर. आणखी कुठं असणार?”

“पेडलवर कसला, पेडलच्या छातीवर आहे. विंचू मारल्यासारखं दाबताय.”

“मग काय थोपटू त्याला? अंगाई म्हणू?”

“थोडं तसंच. रेक्झिनचा कोपरा वळवताना मी पाय उचलत नाही, नुसता हलका करते. उठा बघू.”

मिस्त्री उठला, कारण त्याला हसायचं होतं. पहिल्या भोकाला तो मनसोक्त हसला. दुसरं भोक लहान पडलं. तासाभराने काकूंनी बोटभर लांबीची एक ओळ ओढली. गोल गोल चकत्या एकीवर एक सरकत गेल्यासारखी, अगदी साखळीटाका. मिस्त्री ओणवा होऊन ती ओळ बराच वेळ बघत राहिला. डाव्या हातात भरायची काडी, उजव्या हातात ज्योतीची नळी, पायाखाली आच कमी-जास्त करणारं पेडल. काकूंना त्यात नवं काही वाटलं नाही. कापड तेवढं बदललं होतं.

पुढे सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि घरी कोणीतरी असायला हवं झालं. मिस्त्रीच म्हणाला, “मशीन घरी न्या काकू. माझ्याकडे राहिलं तर मी परत भोकं पाडीन.” ते मशीन चार जणांनी मागच्या खोलीत आणलं. खोली आठ बाय दहाची, सिमेंटची जमीन, एक खिडकी, तीही शेजाऱ्याच्या भिंतीत उघडणारी. लाकडी टेबलावर लोखंडी पत्रा ठोकलेला. भिंतीला साखळीने बांधलेलं, माणसाच्या उंचीचं सिलिंडर. त्यातला वायू जळत नाही, त्याला वासही नाही. वितळलेल्या थेंबावर तो पातळ पांघरूण घालतो, म्हणजे हवा त्याला शिवत नाही. एवढंच त्याचं काम. आणि ते पांघरूण एवढं पातळ, की कोणी दार उघडलं तरी उडून जातं.

म्हणून घरात एक नियम आला. काकूंची गुणगुण सुरू झाली की घरातले सगळे पंखे बंद.

“मी वारा घ्यायचा नाही,” सासूबाई आल्यागेल्याला सांगत, “का, तर हिच्या गॅसला सर्दी होते.”

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. डोळ्यांना उजेड आणि सावली एवढंच कळायचं, पण जिभेला सगळं दिसायचं. साबणाचंही त्यांनी असंच पकडलं होतं. पत्रा वाकवण्याआधी मऊ करावा लागतो, आणि तो किती तापला हे त्याच्या तोंडावरून कळत नाही, म्हणून काकू त्यावर साबणाची रेघ ओढत. रेघ तपकिरी होऊन काळी पडली की आच बंद.

“माझा साबण रोज झिजतो,” सासूबाई म्हणाल्या, “आणि मी तर एक दिवसाआड अंघोळ करते. घरात आणखी कोण स्वच्छ राहतंय?”

“पत्रा, आई.”

“त्याला निराळा साबण आण. माझा वासाचा आहे.”

काकांचं या सगळ्यात एकच काम होतं. ते पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला होते. पस्तीस वर्षं लोकांच्या दारामागे वाकून काटे वाचत फिरले आणि निवृत्त झाले. सिलिंडरवरचा काटा ते रोज सकाळी वाचत आणि आकडा मोठ्याने सांगत. कोणी विचारलेलं नसे. काकू “बरं” म्हणत. या एका “बरं”वर काकांचा दिवस सुरू होई.

असं ते घर चाललं होतं. सुखाने म्हणावं तर सुख हा शब्द तिथे कोणी वापरत नसे.

मग काकूंचा पाय मुरगळला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, हातात भाजीची पिशवी, आणि पायरी अजून एक आहे असं वाटून त्यांनी नसलेल्या पायरीवर पाय ठेवला. उजवा घोटा सुजून वांग्याएवढा झाला. तीन आठवडे पट्टी. त्या तीन आठवड्यांत काकांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. पदर खोचल्यासारखा पंचा खोचून ते भांडी घासत, ओटा पुसत, आणि पट्टी सुटल्यावरही त्यांनी ते काम सोडलं नाही. “तू बस,” ते म्हणत, “आता माझा हात बसलाय.”

काकू मशीनवर बसल्या तेव्हा समोर दाताच्या डॉक्टरांचं काम होतं. हे डॉक्टर मिस्त्रीचं गिऱ्हाईक. उंच, शिडशिडीत माणूस, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांपेक्षा दातांकडे बघणारा. त्यांच्या छोट्या जुन्या गाडीत मिस्त्रीने दुप्पट ताकदीचं इंजिन उतरवलं होतं. त्याला हवा पुरवायला एक लांबट डबा आणि त्यातून निघणाऱ्या चार वळणदार नळ्या हव्या होत्या. याला मिस्त्री मॅनिफोल्ड म्हणायचा, काकू चौनळी म्हणायच्या. डॉक्टरांना त्या चारही नळ्या दातांसारख्या एका ओळीत हव्या होत्या. “एकही पुढे नको,” ते म्हणाले होते, “मला रात्री झोप येणार नाही.”

काकूंनी डब्याचा पत्रा साबण लावून वाकवला. कडा औषधाने पुसून तेलकटपणा काढला. मग लाल दोरा बांधलेल्या ब्रशने घासून त्यांनी ती अदृश्य कातडी उतरवली. हे सगळं त्या डोळे मिटून करू शकल्या असत्या. मुखवटा खाली केला, पाय टेकला, ज्योत पेटली.

थेंब तयार झाला तो चकचकीत नव्हता. त्यात काळे कण पोहत होते, काजळ विरघळावं तसे. भरायची काडी लावली तर थेंब थुंकला. ओळ ओढून झाल्यावर बघितलं तर राखाडी, आणि तिच्यात सुईने टोचल्यासारखी बारीक छिद्रं.

काकूंनी ज्योतीच्या नळीतली टंगस्टनची सुई बदलली. खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. वायूची रबरी नळी साबणाचं पाणी लावून तपासली. काड्यांचा नवा पुडा फोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी नवा पत्रा घेतला, तेच. काका सकाळी काट्याचा आकडा सांगत होते आणि काकू “बरं” म्हणत होत्या, पण ते “बरं” आता दाराबाहेर ठेवलेल्या चपलेसारखं होतं, त्यात पाय नव्हता.

कारण काकूंना कळून चुकलं होतं. आधी सगळं ठीक होतं, मग पाय मुरगळला, मग हे सुरू झालं. मधे दुसरं काही घडलंच नव्हतं. घोट्याला अजून मुंग्या यायच्या. कधी पेडलवर पाय आहे की नाही तेच क्षणभर कळेनासं व्हायचं. मशीन बंद ठेवून त्या नुसत्याच पेडलवर पाय ठेवून बसत. हलका, जड, हलका. खोलीत कसलाच आवाज नसे. आपलाच पाय आपल्याला काही सांगत नाही, याची त्यांना भीती नाही, लाज वाटायची. पंधरा वर्षं त्या पायावर त्यांची सगळी प्रतिष्ठा उभी होती, आणि कव्हरांची वर्षं धरली तर त्याहून जास्त.

दोन आठवडे त्यांनी घरात कोणाला पत्ता लागू दिला नाही. मग एका सकाळी मिस्त्रीला फोन करून सांगितलं, “येऊन मशीन घेऊन जा.”

मिस्त्री त्याच दुपारी आला, पण रिकाम्या हातांनी आणि गाडी न आणता. आता तोही चाळिशीचा, पोट सुटलेला. समोरच्या खोलीत सासूबाईंच्या खाटेशेजारी त्याला खुर्ची मिळाली.

“काकू, थट्टा करताय ना?”

“मी थट्टा कधी केली?”

“तेच तर. म्हणून पळत आलो.”

काकूंनी डब्याचा बिघडलेला तुकडा त्याच्या मांडीवर ठेवला. मिस्त्रीने तो उजेडाकडे धरला. छिद्रांमधून दाराची चौकट दिसावी इतकी काही ती मोठी नव्हती, पण मिस्त्रीच्या चेहऱ्यावर ती दिसली.

“गॅस?”

“बघितला.”

“वारा?”

“या घरात वारा?” सासूबाई मधेच म्हणाल्या. “पंधरा दिवस मी भाजून निघतेय.”

“पाय गेला माझा,” काकू म्हणाल्या. पाण्याचा तांब्या द्या म्हणाव्यात त्याच आवाजात. “डॉक्टरांचं काम दुसरीकडे द्या. चांगलं होईल तिथं द्या.”

“दुसरीकडे कुठं? चौनळी करणारा माणूस मला एक दाखवा.”

“शिकवा कोणाला तरी.”

“मी? माझ्या भोकातून आख्खं गाव दिसतं, काकू.”

स्वयंपाकघराच्या दारात काका उभे होते, हातात ओलं फडकं. त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

“आण इकडे ते,” सासूबाई म्हणाल्या.

“काय, आई?”

“ते काय बिघडलंय ते. माझ्या हातात दे.”

मिस्त्रीने तुकडा दिला. सासूबाईंनी ओळीवरून अंगठा फिरवला. एकदा इकडून, एकदा तिकडून. डोळे वर छताकडे, जसे आंधळेपणाकडे झुकलेल्या माणसाचे बोटांनी बघताना असतात. त्यांनीही तरुणपणी घरी शिवणं घेतली होती, परकर आणि उशांचे अभ्रे.

“टाका तर सारखा आहे.”

“तो काळा पडलाय, आई. भोकं आहेत त्यात.”

“काळ्या-गोऱ्याचं मला सांगू नकोस. मी टाक्याचं बोलतेय. पाय लटपटला की टाका लांब-आखूड पडतो. एक मोठा, एक बारका. हा बघ, फूटपट्टी लावून मारलाय. धागा मळका निघाला तर तो काय पायाचा दोष?”

काकूंनी तुकडा परत घेतला, चष्मा चढवला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ओळीकडे शिवणारीच्या नजरेने पाहिलं. छिद्रांकडे बघणं सोडलं, दोन चकत्यांमधलं अंतर पाहिलं. पहिली ते शेवटची, केसाचाही फरक नव्हता. दोन आठवडे त्या दोषाकडे एवढ्या रोखून बघत होत्या, की शिवण बघायची राहूनच गेली होती.

मग मळ आला कुठून? पत्रा नवा, काड्या नव्या, औषधाने पुसलेलं. पुसल्यानंतर धातूला शेवटचा हात कोणाचा लागतो? त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. खुंटीवर ब्रश होता. पोलादी तारांचा, दांड्याला लाल दोरा. त्यांनी तो नाकाला लावला.

“अहो!”

काका आले. मागोमाग मिस्त्री. सासूबाईंनी खाटेवरूनच कान लावले.

“हा ब्रश स्वयंपाकघरात कधी आला होता?”

“ब्रश?” काका म्हणाले. “एकदाच.”

काकू बघत राहिल्या.

“म्हणजे, रविवारी.”

“कोणत्या रविवारी?”

“दर,” काका म्हणाले, आणि मग धीर करून सांगितलं, “अगं, लोखंडी तव्याला काय मस्त निघतं त्यानं! करपलेलं तेल सगळं पापडीसारखं सुटतं. आणि मी काही तसाच नाही ठेवला. धुऊन, वाळवून, जागच्या जागी टांगायचो.”

“त्याला लाल दोरा बांधलाय, दिसला नाही?”

“दिसला की! म्हणूनच तर घेतला. म्हटलं, दोरा बांधलाय म्हणजे घरातला सगळ्यात चांगला हाच असणार.”

ॲल्युमिनियम घासायच्या ब्रशने लोखंडाला शिवायचं नाही, आणि तेलाला तर मुळीच नाही. धुतला तरी तारांच्या मुळाशी तेल बसतं. काकू रोज धातू पुसून निर्मळ करत होत्या आणि शेवटी त्यावर आपल्याच हाताने तव्याचं जळकं तेल घासत होत्या. घराघरांतून आजवर किती काटे काकांनी अचूक वाचले, पण दोऱ्याची भाषा त्यांना कोणी शिकवली नव्हती. काकूंनीही नाही. त्यांना वाटलं होतं, लाल म्हणजे हात लावू नका, हे जगाला माहीत आहे.

“माझ्याच पोटचा,” बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. “दुसऱ्या कोणाला नावं ठेवायची सोयच नाही.”

मिस्त्री भिंतीकडे तोंड करून हसत होता, त्याचे खांदे हलत होते. काका मात्र काकूंच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्यावर काहीच दिसत नव्हतं.

“ओरड तरी,” ते म्हणाले.

“तवा खरंच छान निघाला होता,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, नवा आणलात.”

त्या मिस्त्रीकडे वळल्या. “पत्रे नवे कापून द्या.”

“म्हणजे पाय बरा आहे!”

“ते मी कशी सांगू? घोट्याला मुंग्या येतात त्या तव्यामुळे येत नाहीत.” त्यांनी हातातला ब्रश काकांच्या हातात दिला. “चौनळी पुरी करते. तुमच्याकडे पाण्यात बुडवून बघू. माझ्या जोडातून एक जरी बुडबुडा आला, तर मशीन त्याच दिवशी तुमच्या गाडीत चढवा. मग मला समजवायला येऊ नका.”

मिस्त्रीचं हसू थांबलं. पंधरा वर्षांत त्याला एवढं कळलं होतं, की या बाईने असं सांगितलं म्हणजे ते झालेलं असतं.

नवा ब्रश आला. त्याला दोरा बांधला नाही. काकांनी स्वतः त्यासाठी टेबलाच्या खणात जागा केली आणि खणाची किल्ली काकूंच्या हातात दिली. डबा दोन दिवसांत जोडून झाला. ओळ पांढरी, चकचकीत, पाण्यावर ऊन पडल्यासारखी. पण डब्याची शिवण सरळ असते. खरं काम नळ्यांचं होतं.

प्रत्येक नळीचा पत्रा नखाएवढ्या जाडीचा, आणि ती बसणार डब्याला जोडलेल्या बोटभर जाड पट्टीवर. जाड पट्टीला भरपूर आच लागते, पातळ नळी तेवढ्या आचेत नाहीशी होते. आच पट्टीवर रोखून धरायची, थेंब तयार झाला की तो हळूच नळीच्या काठावर सांडायचा, आणि त्याच क्षणी पाय हलका करायचा. उशीर झाला तर भोक, घाई झाली तर जोड नुसता वरवर चिकटलेला. आणि हे गोल फिरत, चार वेळा, मधे न थांबता.

तिसऱ्या प्रहरी काकू बसल्या. काकू सांगण्याआधीच समोरच्या खोलीतून आवाज आला, “बंद कर रे तो पंखा. तिच्या गॅसला सर्दी होईल.” पंखा खडखडत थांबला. काकांनी दार ओढून घेतलं आणि बाहेर उभे राहिले, श्वाससुद्धा आत जाऊ नये अशा बेताने.

पहिली नळी झाली. दुसरी झाली. मुखवट्याच्या काचेतून जग हिरवट आणि लहान दिसतं, एका थेंबाएवढं. त्या थेंबात एक कडा असते, तिच्यावर नजर ठेवायची. बाहेरचं सगळं, घर, वय, गल्ली, त्या काचेच्या पलीकडे काळोखात उभं असतं आणि वाट बघतं. काकूंना ते आवडायचं. तिथे त्यांना कोणी काही विचारत नसे.

तिसऱ्या नळीच्या अर्ध्यावर मुंग्या आल्या. घोट्यातून वर, पोटरीपर्यंत. पाय कुठे आहे ते कळेना. त्यांनी पायाचा विचार सोडला आणि थेंबाकडे पाहिलं. थेंब पसरू लागला, तेव्हा कुठेतरी खाली काहीतरी हलकं झालं आणि थेंब आकसला. म्हणजे पाय होता. त्यांच्याशी बोलत नव्हता, पण कामावर होता. पुढची अर्धी नळी त्यांनी अशी ओढली, न दिसणाऱ्या, न जाणवणाऱ्या पायाच्या भरवशावर, आणि थेंब सांगत राहिला.

चौथी झाल्यावर त्यांनी मुखवटा वर केला. घामाने केस कपाळाला चिकटले होते. दार उघडलं तर काका तिथेच.

“झालं?”

“झालं.”

“चांगलं?”

“दिसतंय तर. आतलं कोणी पाहिलंय?”

मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये एक निळी टाकी होती, आडवी कापून पाण्याने भरलेली. दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला त्या टाकीभोवती तिघे उभे होते. काकू, मिस्त्री, आणि दवाखाना एक तास उशिरा उघडायचा ठरवून आलेले डॉक्टर. डॉक्टर आल्या आल्या चौनळीच्या समोर उकिडवे बसले आणि एक डोळा मिटून त्यांनी नळ्यांच्या ओळीवरून नजर फिरवली. मग उठून त्यांनी काकूंना हात जोडले.

“थांबा हो डॉक्टर,” मिस्त्री म्हणाला, “दात सुंदर असला म्हणून मुळाचं कळतं का?”

“माझीच विद्या मला शिकवा,” डॉक्टर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आता काळजी आली होती.

मिस्त्रीने सगळ्या तोंडांना रबरी बुचं ठोकली. एका बुचातून सायकलच्या पंपाची नळी आत गेली होती. त्याने हवा भरली, काटा ठरल्या जागी आला, आणि दोघांनी मिळून चौनळी पाण्यात उतरवली. आधी कोपऱ्यांत अडकलेली हवा गुडगुडत वर आली. मग पाणी निवळलं. ॲल्युमिनियम पाण्याखाली चांदीसारखं दिसत होतं. काकू टाकीपासून एक पाऊल मागे उभ्या होत्या, हात पदराखाली.

“तीन मिनिटं,” मिस्त्री म्हणाला आणि घड्याळ बघू लागला.

एक मिनिट गेलं. डॉक्टरांचं नाक जवळजवळ पाण्याला टेकलं होतं. रस्त्यावरून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. दुसरं मिनिटही गेलं असेल.

“आला!” डॉक्टर ओरडले.

तिसऱ्या नळीच्या बाजूने एक बुडबुडा वर आला. ज्वारीच्या दाण्याएवढा. वर येऊन फुटला. त्याच्या मागून दुसरा सुटला.

मिस्त्रीचा चेहरा पडला. त्याने काकूंकडे पाहिलं नाही. “कुठून आला, बघू तरी,” तो पुटपुटला आणि टाकीवर वाकला. काकू एक पाऊल पुढे आल्या. त्यांनी चष्मा चढवला आणि पाण्यात बघितलं, घाईने नाही, टाका बघावा तसं. तिसरा बुडबुडा सुटायला जरा वेळ लागला. तो नळीच्या जोडापासून चांगला वीतभर लांब, नळीच्या तोंडाशी, मिस्त्रीने ठोकलेल्या बुचाच्या कडेला जन्मला, रबराला धरून सरकला आणि तिथून सुटला. बूच वाकडं बसलं होतं. जोडाच्या गोल ओळीवर पाणी नुसतं पडून होतं.

“अहो, हे तर तुमचं बूच!” डॉक्टर म्हणाले.

“थांबा, थांबा. बोलू नका.” मिस्त्रीने बाहीसकट हात पाण्यात घातला आणि बूच अंगठ्याने आत दाबलं. बुडबुडे थांबले. “आता पहिल्यापासून तीन मिनिटं. काकू, घड्याळ तुम्ही बघा.”

दोघेही पुन्हा वाकले, डोक्याला डोकं लावून. पाणी हळूहळू स्थिर झालं आणि त्यात दोघांचे चेहरे दिसू लागले, आणि चेहऱ्यांखाली चार नळ्या, एका ओळीत. त्यातून काही येत नव्हतं.

काकूंनी क्षणभर त्या दोन पाठींकडे पाहिलं. चष्मा काढून छातीवर सोडला, खुंटीवरची पिशवी घेतली, दाराशी चपलेत आधी डावा आणि मग उजवा पाय सरकवला, आणि घराकडे, मशीनकडे निघाल्या.